आत्मकथा सांगावी कोणापाशी?

आपल्याकडे एके काळी आत्मचरित्र लिहायचे म्हणजे माणसाने आधी काहीतरी मोठे करून दाखवायला हवे, असा समज होता. न्यायमूर्ती, देशभक्त, नटसम्राट, झालेच तर एखादा संस्थानिक. बाकीच्यांनी मुकाट्याने जगावे आणि मुकाट्याने जावे. ही मक्तेदारी आता मोडली आहे. खिशातला मोबाइल आज कोणालाही विचारतो, ‘तुमची कहाणी सांगता का?’ तुम्ही बोलायचे, त्याने उतरून घ्यायचे, फोटो जोडायचे, आणि एका बोटाच्या टिचकीसरशी ती कहाणी साऱ्या जगापुढे ठेवायची. अशी सॉफ्टवेअरे पुष्कळ निघाली आहेत. पुस्तकांचे परीक्षण करावे तसे या साधनांचेही केले पाहिजे, असे मला वाटते. कारण उद्याची आत्मचरित्रे बहुधा यांच्याच पोटातून बाहेर येणार आहेत. मी विद्यापीठात शिकलेला समीक्षक नव्हे. मुळशी तालुक्यातला शाळामास्तर आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु माणसे आपली गोष्ट कशी सांगतात आणि कुठे गिळतात, हे पाहण्यातच माझे दोन्ही धंदे गेले आहेत.

प्रथम या साधनांची रीत पाहू. अमेरिकेत ‘स्टोरीवर्थ’ नावाची एक सेवा आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ती दर आठवड्याला ई-मेलने एक प्रश्न धाडते. त्याने उत्तर लिहायचे. वर्ष सरले की सगळ्या उत्तरांचे बांधीव पुस्तक घरी येते. कल्पना गोड आहे, यात शंका नाही. ज्या घरात आजोबांची एक ओळही कोणी टिपली नसती, तिथे सबंध पुस्तक तयार होते. ज्याला टंकलेखन जमत नाही, त्याच्यासाठी बोललेले लिहून घेणारी सोय आहे; गूगलने २०१७ साली ती मराठीतही आणली. अक्षरशत्रू म्हणून कोणी मुके राहण्याचे आता कारण उरले नाही. एवढे श्रेय या यंत्रांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे, आणि ते देऊनच पुढे बोलले पाहिजे.

आता खोट कुठे आहे ते सांगतो. गेल्या साली शाळेत मी मुलांना एक काम दिले. आपल्या आजीची कहाणी मोबाइलवर उतरवून आणायची. मुलांनी अशाच एका अ‍ॅपची प्रश्नावली घेतली. एका मुलीने आणलेला मासला असा: प्रश्न, ‘लहानपणी तुमचे आवडते खेळणे कोणते?’ उत्तर, ‘आम्हाला कसलं आलंय खेळणं? धाकटा भाऊ काखंला व्हता, त्योच खेळणं.’ प्रश्न, ‘तुमचा पहिला प्रवास कोणता?’ उत्तर, ‘लग्नाचा.’ प्रश्न, ‘तुमचे जीवनातील स्वप्न काय होते?’ यावर आजी उठून चुलीपाशी गेली. तीन प्रश्नांत कहाणी आटोपली. पण मुलगी हुशार. तिने मोबाइल तसाच चालू ठेवला आणि आजीबरोबर तांदूळ निवडायला बसली. मग पाऊण तास आजी बोलत होती. कोणत्या साली कोणते शेत गेले, दिराने कसे वागवले, पावसाळ्यात बाळंतपण निघाले तेव्हा डोलीला कोण आले आणि कोण आले नाही. यातल्या एकाही गोष्टीचा प्रश्न त्या यादीत नव्हता, आणि कोणत्याही यादीत तो असणार नाही.

प्रश्न हा दिसतो निरुपद्रवी; पण तो जगण्याला साचा लावतो. बालपण, शाळा, पहिली नोकरी, पहिला पगार, आवडता प्रवास, निवृत्ती, हा ज्याच्या आयुष्याचा क्रम आहे, त्याची गोष्ट त्या साच्यात नेमकी बसते. ज्याचा नाही, त्याचे आयुष्य उत्तरपत्रिकेतल्या रिकाम्या जागांसारखे दिसू लागते. आणि वाईट हे की, मग त्यालाही वाटू लागते, आपल्यापाशी सांगण्यासारखे काहीच नव्हते!

मराठीतली आत्मकथने डोळ्यांपुढे आणा. रमाबाई रानड्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. नाव काय, तर ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या’. त्या एका सर्वनामात त्या काळच्या स्त्रीचा संकोच आहे, संसार आहे, आणि न्यायमूर्ती गेल्यानंतरचे एकटेपणही आहे. जे यंत्र पहिल्याच पानावर ‘तुमच्याविषयी सांगा’ असे बजावते, त्याला हे ‘आमच्या’ कुठल्या रकान्यात घालावे ते कळणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने आली. त्यातली त्यांच्या वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याची हकीकत एकदा वाचलेला माणूस विसरत नाही; आणि त्या सोवळ्याच्या मुळाशी १८५७ च्या धामधुमीनंतर घरातल्या एका माणसाला झालेली फाशी आहे. असा धागा कोणत्या प्रश्नाने हाती लागला असता? बाई आठवत गेल्या, एकीतून दुसरी गोष्ट निघत गेली, आणि हसत हसत त्यांनी एक सबंध युग उभे केले. आठवणीला स्वतःची चाल असते. तिला शिस्त लावली की ती कवायत करते, चालत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपली आणि आपल्या समाजाची कहाणी दुकानात बसून, सवड काढून लिहिली आणि घरच्यांच्या नजरेपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवली. ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक १९८६ साली निघाले ते त्यानंतर. इथेही ‘आमुचं’च, बरे का! परंतु या ‘आमुचं’मध्ये घर नाही, गावाबाहेरची सबंध वस्ती आहे. जगाला सांगण्याआधी ही कहाणी इतकी वर्षे सांदीकोपऱ्यात राहू शकली, म्हणून ती निर्भय झाली. नवी साधने नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. लिहिण्याआधीच ती विचारतात, ‘कोणाकोणाला दाखवायचे?’ आणि कित्येक घरांत मोबाइल एकच, तो मुलाच्या हाती, त्याची कुलूपकिल्ली सुनेला ठाऊक. अशा यंत्रात सासू सुनेविषयी काय सांगेल आणि सून सासूविषयी काय सांगेल? दोघी म्हणतील, ‘सगळं छान आहे.’ आणि तीच आत्मकथा म्हणून जगभर जाईल.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला नवे काही नकोच आहे. तसे नाही. याच यंत्रविद्येने झालेले एक मोठे काम माझ्या तालुक्याशी जोडलेले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. ते म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. फ्रान्समधून येऊन पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी ‘सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतर्फे १९८० नंतरच्या दशकांत हे काम उभे केले. गरीब डोंगरी संघटनेच्या साथीने डोंगरातल्या गावांत त्यांचा राबता होता. मुळशीच्या बायकांच्या ओव्या त्या संग्रहात आहेत. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या माणसाने त्या संगणकात नीट लावण्याची व्यवस्था केली, ध्वनिमुद्रणे झाली, आणि २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या इंटरनेटवर येऊ लागल्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेले.

ओवी ही आत्मकथाच आहे, असे माझे ठाम मत आहे. पहाटे घर निजलेले असताना बाई जात्यावर बसे. हातात खुंटा, पुढ्यात धान्य. माहेर, भाऊ, लेक, नवऱ्याचा राग, विठ्ठल, वनवासातली सीता, कोणाच्या ओवीत बाबासाहेब आंबेडकर. जे मनात ते ओठात. सीतेचे नाव घेऊन ती स्वतःचेच सांगे, हे ऐकणारी शेजारीण ओळखून असे. सन नाही, क्रम नाही, ‘माझा जन्म अमुक साली’ नाही. तरी दोन ओळींत आयुष्य. गावोगाव विजेची गिरणी आली, जाते अडगळीत गेले. कमरेचे कष्ट वाचले ही गोष्ट उत्तमच झाली. पण पहाटेचा तो एकांतही त्याबरोबर गेला.

या संग्रहाचे परीक्षण करताना मला दोन गुण दिसतात. एक, ओवीखाली गाणारीचे नाव आहे, गावाचे आहे. ज्या बाईचे नाव सातबारावर नव्हते, तिचे नाव तिच्या शब्दांखाली आले. दुसरा, अक्षराबरोबर आवाजही आहे. बोललेले लिहून घेणारे यंत्र ‘व्हतं’ला सहज ‘होतं’ करून टाकते. शाळेत आम्ही मास्तरही तेच करतो म्हणा! इथे मात्र आवाज कानावर पडतो, आणि आवाजाला शुद्धलेखन लागू पडत नाही. दोषही सांगितला पाहिजे. लाखभर ओव्या विषयवार लावल्या म्हणजे अभ्यासकाला सोय होते. पण एका बाईची माहेरची ओवी एका कप्प्यात आणि मरणाची दुसऱ्या कप्प्यात जाते. वाचणाऱ्याने गाणारीचे नाव धरून त्या पुन्हा एकत्र वाचल्या, तरच त्यात एक जीव दिसतो. तेवढे कष्ट वाचकाने घ्यावेत.

मग त्या संग्रहात बायका मोकळ्या झाल्या आणि माझ्या विद्यार्थिनीची आजी प्रश्नावलीपुढे उठून गेली, याचे कारण काय? यंत्र दोन्हीकडे होते. फरक इतकाच की, तिथे ऐकायला ओळखीची माणसे येऊन बसली होती. ती गावात वावरलेली होती, जात्याला हात लावणारी होती. अमेरिकेतच ‘स्टोरीकॉर्प्स’ नावाचा उपक्रम २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातल्या एका छोट्या खोलीत सुरू झाला. त्याची रीत साधी आहे: एकमेकांना ओळखणारी दोन माणसे समोरासमोर बसतात आणि चाळीस मिनिटे बोलतात. यंत्र बाजूला. पुढे २०१५ मध्ये त्यांनी अ‍ॅपही काढले, पण गाभा तोच राहिला, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे. म्हणून कोणत्याही साधनाची पारख करताना मी एकच विचारतो, की हे सांगणाऱ्याच्या समोर माणूस बसवते, की माणसाला बसण्यातून मोकळे करते? पहिले असेल तर ते चांगले साधन. दुसरे असेल तर ते घरच्यांच्या सोयीसाठी काढलेली पळवाट आहे. आईला दर आठवड्याला प्रश्न पाठवला की आपले कर्तव्य झाले!

टिकण्याविषयीही एक शब्द. कंपनीच्या कपाटात ठेवलेली आठवण कंपनी आहे तोवर. आपल्यातल्या कित्येकांनी हौसेने भरलेले ‘ऑर्कुट’ २०१४ साली बंद झाले, हे तरुण वाचकांना आठवत असेल. कागदावर एक प्रत असू द्यावी. आणि सांगणाऱ्याला ‘हे पुसून टाक’ म्हणण्याचा हक्क असावा, हे तर घरच्या रीतीतच बसते.

हे सारे इतक्या कळकळीने लिहिण्याचे कारण माझ्या तालुक्याच्या इतिहासात आहे. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासाहून अधिक गावे बाधित झाली. १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झाले. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. पुढाऱ्यांची, सरकारची, कंपनीची बाजू नोंदली गेली. पण देव, चूल आणि जाते उचलून निघालेल्या बाईने स्वतः सांगितलेली सलग कहाणी माझ्या वाचनात नाही. तेव्हा उतरून घेणारे यंत्र नव्हते, हे खरे. परंतु तेवढेच कारण नव्हते. तिच्यापुढे बसून ‘मग पुढं?’ म्हणणारे कोणी नव्हते. ती पिढी आता राहिली नाही. त्यांच्या लेकीसुना ज्यांनी ऐकले, त्या म्हाताऱ्या अजून काही घरांत आहेत. यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ‘मग पुढं?’ म्हणायला मात्र माणूसच लागणार आहे, आणि त्यासाठी फार दिवस हाती नाहीत.