धबधबा, वानर आणि जागल

इग्वासूच्या धबधब्यावरचे ब्लॉग आणि रील्स मी कारंज्यात बसून भरपूर पचवलेत. ब्राझील-अर्जेंटिनाच्या सीमेवर पावणेतीनशेच्या आसपास धारा, पाण्यामागच्या कड्यावर घरटी करणाऱ्या पाकोळ्या, पर्यटकाच्या हातातला खाऊ पळवणारे कोआटी. सगळं खरं. पण पाकोळी दिसते न दिसते तोच पुढचं 'अविस्मरणीय' येऊन तिला झाकतं. लिहिणारा थांबतच नाही.

व्यंकटेश माडगूळकर थांबतात. 'सत्तांतर'मधली वानरं काही दुर्मीळ नाहीत. आमच्याकडे देवळांवर, टिनांवर तीच नाचतात. पण टोळीतली सत्ता, हाणामारी, पिल्लांचे बळी ते गळा न काढता सांगतात. म्हणूनच वाचताना माणसं आठवत राहतात.

तरी मला आपल्या निसर्गलेखनात एक जागा रिकामी वाटते. कारंजा-सोहोळ अभयारण्यात पहाटे काळवीट दिसलं की डोळे निवतात. तीच हरणं, रोही, रानडुकरं हद्दीबाहेर सोयाबीनमध्ये शिरली की शेतकरी रात्रभर जागलीला. मचाणावरचा पाहुणा आणि मचाणावरचा राखणदार एकाच प्राण्याकडे बघतात. आपल्या पुस्तकांत पहिल्याची नजर भरपूर आहे, दुसऱ्याची फार कमी. राखणदाराला काळवीट सुंदर दिसत नाही, असं थोडंच आहे? पण त्याला सकाळी तुडवलेलं पीकही मोजावं लागतं.

इग्वासूवर पुढचं पुस्तक येईलच. मला मात्र जागलीवरून लिहिलेलं वाचायचंय. ज्यात काळविटाची उडी आणि शेतातलं नुकसान, दोन्ही एकाच वाक्यात मावतील.