नाव बदलल्याने ओळख लपते का? : गुणात्मक संशोधनाचे अहवाललेखन आणि जयगड

प्रस्तावना :
गुणात्मक समाजशास्त्रीय संशोधनात नमुनानिवड, मुलाखत व निरीक्षण यांची जेवढी चर्चा होते, तेवढी अहवाललेखनाची होत नाही. ‘निवेदकांची नावे बदलली आहेत’ एवढे एक वाक्य लिहिले की गोपनीयतेची जबाबदारी संपली, असे मानले जाते. लहान गावाच्या अभ्यासात हे गृहीतक कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

गावाचे नाव : दोन परंपरा
थॉमस कोट्स यांचे पुणे परिसरातील लोणी गावाचे वर्णन १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गावाचे नाव असल्यामुळेच डॉ. गो. स. घुर्ये यांना १९६० मध्ये लोणीकंदची ‘तेव्हा आणि आता’ अशी तुलना मांडता आली. याउलट एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये अभ्यासलेल्या म्हैसूरजवळच्या गावास ‘रामपुरा’ हे कल्पित नाव दिले. १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत त्यांची संस्कारित टिपणे जळाली आणि ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ (१९७६) हा ग्रंथ मुख्यतः स्मरणातून लिहिला गेला. स्मरणात माणसे ठळक राहिली. त्यामुळे ग्रंथाचे सामर्थ्य व्यक्तिचित्रांत आहे आणि कल्पित नावाचा पडदा नेमका तेथेच विरळ होतो. पुढे गावाचे खरे नावही सर्वज्ञात झाले.

जयगडचा पेच :
शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड परिसरात २००९ मध्ये खाजगी बंदर सुरू झाले. २०१० ते २०११ या काळात ३०० मेगावॅटचे चार संच असलेला औष्णिक वीजप्रकल्प कार्यान्वित झाला. बंदर, वीजप्रकल्प, किल्ला व तवसाळकडे जाणारी फेरीबोट यांचा उल्लेख येताच कोणतेही कल्पित नाव निरर्थक ठरते. हे तपशील वगळावेत, तर मच्छीमार व आंबा बागायतदार यांच्या जीवनातील बदलांचे स्पष्टीकरणच उरत नाही.

समजा, एखाद्या अहवालात ‘वय ५५, नौकेचा तांडेल, मुलगा प्रकल्पात कंत्राटी कामगार’ असा परिचय दिला. पुण्यातील परीक्षकास ही व्यक्ती अनामिक वाटेल. वाडीतील शेजाऱ्यास मात्र नाव विचारावे लागणार नाही. अशा निवेदकाने प्रकल्पाविषयी केलेली तक्रार छापली गेली, तर तिची झळ मुलाच्या रोजगारास लागू शकते. संशोधक पदवी घेऊन निघून जातो. निवेदकास मात्र त्याच वाडीत राहावयाचे असते.

समारोप :
यावर उपाय म्हणून सर्व उत्तरांची टक्केवारी करणे म्हणजे गुणात्मक संशोधनाचा प्राणच काढून घेणे होय. त्यापेक्षा गावाचे नाव स्पष्ट द्यावे व संरक्षण व्यक्तीला द्यावे. युक्तिवादास आवश्यक तेवढाच परिचय ठेवावा : मुद्दा मासेमारीचा असेल तर तांडेलपण राहू द्यावे, मुलाची नोकरी गाळावी. एकाच निवेदकाची सर्व विधाने एका कल्पित नावाखाली गुंफू नयेत, कारण तुकडे जुळले की चेहरा तयार होतो. उद्धृत करावयाचे विधान निवेदकास पूर्वी वाचून दाखवावे आणि कोणत्या प्रकारचे तपशील गाळले हे वाचकास सांगावे. अहवालाचा पहिला वाचक परीक्षक नसून गाव आहे, याचे भान लेखनात दिसले पाहिजे.