कूलिज यांचें नाणें

नाणें ही वाचावयाची वस्तु आहे, आणि जें वाचतां येतें त्याचें परीक्षणहि करतां येतें, या समजुतीनें आम्ही आज चांदीच्या एका तुकड्याकडे वळत आहों. अमेरिकन स्वातंत्र्यास दीडशें वर्षें झालीं म्हणून १९२६ मध्यें फिलाडेल्फियास मोठें प्रदर्शन भरलें. त्या निमित्तानें तेथील टांकसाळीनें हा अर्धा डॉलर पाडला. एका बाजूस स्वातंत्र्याची सुप्रसिद्ध घंटा. दुसऱ्या बाजूस दोन मुखें, पुढें जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांच्या आडून डोकावणारे तत्कालीन अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज. हयात अध्यक्ष अमेरिकन नाण्यावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. (अलाबामाचे गव्हर्नर किल्बी १९२१ मध्येंच अर्ध्या डॉलरवर येऊन गेले होते, पण तो एका संस्थानाचा घरगुती मामला!)

मितभाषी कूलिज यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती या जोडीविषयीं. १७९२ सालीं नाण्यांचा कायदा होत असतां अध्यक्षांची छबी नाण्यावर असावी, असें सिनेटनें सुचविलें होतें. राजेशाहीचा वास येणारी ही सूचना प्रतिनिधिगृहानें खोडली व तिच्या जागीं स्वातंत्र्याचें प्रतीक घातलें. त्या वेळीं अध्यक्ष कोण होते? हेच वॉशिंग्टन! जो मान त्यांस हयातींत मिळूं दिला नाहीं, तो त्यांच्याच शेजारीं बसवून दुसऱ्या हयात अध्यक्षास द्यावा, ही विसंगति आम्हांस फार बोंचते. कागदी चलनावर जिवंत माणसाचें चित्र छापण्यास १८६६ पासून बंदी आहे, कारण एका अधिकाऱ्यानें पांच सेंटांच्या नोटेवर स्वतःचेंच चित्र छापून घेतलें होतें! नाण्यांस मात्र तो निर्बंध लागू नव्हता.

कारागिरी म्हणावी तर तीहि दुबळी. उठाव इतका उथळ कीं कोरें नाणेंहि झिजल्यासारखें दिसतें; कूलिज यांची हनुवटी कोठें संपते हें शोधावें लागतें. मूळ रेखाटन जॉन फ्रेडरिक लुइस यांचें, परंतु श्रेय कित्येक वर्षें घडविणाऱ्या जॉन सिनॉक यांच्याच नांवें राहिलें. दहा लक्षांवर नाणीं पाडलीं, एक डॉलर किंमत लावली, आणि सुमारें ८,५९,००० परत वितळविलीं.

याच सिनॉक यांनीं १९४६ मध्यें दहा सेंटांच्या नाण्यावर फ्रँकलिन रूझवेल्ट यांचें मुख घडविलें. रूझवेल्ट आदल्याच वर्षीं वारले होते. तें नाणें अमेरिकेंत अद्याप हातोहातीं फिरत आहे.