घाईत धावणारे गोकुळ

दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) हा मूकपट आम्ही लिंबागणेशला मुलांसोबत संगणकावर पाहिला. बाळकृष्णाचे काम फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. तिचा खट्याळपणा आजही ताजा वाटतो. पण मुले हसली ती भलत्याच ठिकाणी. सारे गोकुळ एसटी चुकल्यासारखे धावत होते आणि सगळ्यांचे चेहरे आडवे फुगलेले होते. "तेव्हाची माणसं अशीच चालायची का?" एका मुलीने विचारले. तेव्हा आमची तक्रार फाळक्यांबद्दल नाही, आमच्या हाती आलेल्या रूपांतरित प्रतीबद्दल आहे.

त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रे टिपली जात. बोलपट आल्यावर २४ चित्रांचा वेग रूढ झाला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात, म्हणजे हजार फुटांच्या रिळात १६,०००. सेकंदाला १६ चित्रे दाखवली तर ते रीळ १६ मिनिटे ४० सेकंद चालते. २४ दाखवली तर ११ मिनिटे ७ सेकंदांत संपते. एकही चित्र कापलेले नसते, माणसे तेवढी दीडपट वेगाने पळवलेली असतात.

याचा पुरावा पडणाऱ्या वस्तूत सापडतो. अडीच मीटरवरून पडायला सुमारे ०.७१ सेकंद लागतो. दीडपट वेगाच्या प्रतीत तेच पडणे ०.४८ सेकंदात उरकते. त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढले तर ९.८ ऐवजी २२ येते, कारण वेग दीडपट झाला की त्वरण सव्वादोनपट होते. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर द्यावे. मात्र रूपांतर करताना काही चित्रे दोनदा घातलेली असू शकतात, ती मोजणीतून वगळावीत.

फुगलेल्या चेहऱ्यांचे कारण साधे आहे. ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणले की रुंदी एक-तृतीयांशाने वाढते.

दुरुस्तीसाठी आम्ही प्रथम 'हँडब्रेक' वापरले. ते मोफत आहे, नवख्यालाही जमते आणि प्रमाण नीट सुधारते. पण ते प्रत्येक वेळी चित्रे उलगडून पुन्हा दाबून भरते, आणि त्यात थोडा तपशील जातोच. फक्त डबा बदलायचा, आतला माल तसाच ठेवायचा, हे त्याला येत नाही. चित्रपट संथ करणेही त्याच्या आवाक्याबाहेर. सेकंदाला १६ चित्रे सांगितली तर ते वेग कमी करीत नाही, मधली चित्रे गाळते! 'एफएफएमपेग' ही दोन्ही कामे करते, पण तिथे बटणे नाहीत, आज्ञा टंकाव्या लागतात. दोन संध्याकाळी आम्ही त्यात घालवल्या, त्यातली एक वीज गेल्यामुळे वाया गेली.

खरे तर रूपांतराची गरजच नव्हती. 'व्हीएलसी'मध्ये चालण्याचा वेग ०.६७ आणि प्रमाण ४:३ केले की पुरते. मूळ फाइलला हातही लागत नाही. पार्श्वसंगीत मागाहून जोडलेले असते, ते संथ होऊन रेंगाळते. आवाज बंद ठेवावा.