निळा पिक्ट योद्धा : एका प्रतिमेची साधनचिकित्सा

प्रस्तावना :

वोड या वनस्पतीच्या निळ्या रंगाने अंग माखून रणांगणात उतरणारा पिक्ट योद्धा ही प्राचीन स्कॉटलंडविषयीची सर्वपरिचित प्रतिमा होय. तथापि तिला आधारभूत मानलेली साधने स्वतंत्रपणे तपासली असता ती एकाच समाजाविषयी, एकाच काळाविषयी किंवा एकाच प्रथेविषयी बोलत नाहीत, असे दिसून येते.

लिखित साधने :

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५५ व ५४ मध्ये ब्रिटनवर स्वाऱ्या केल्या. सर्व ब्रिटन लोक 'व्हिट्रम'ने अंग निळे करतात आणि त्यामुळे युद्धात अधिक भयंकर दिसतात, असे त्याने नमूद केले आहे. व्हिट्रम म्हणजे वोड असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. मात्र लॅटिनमध्ये या शब्दाचा रूढ अर्थ 'काच' असा आहे. शिवाय सीझरने पाहिला तो ब्रिटनचा आग्नेय भाग. पिक्टांचा प्रदेश फोर्थच्या खाडीपलीकडे, दूर उत्तरेस होता आणि 'पिक्टी' हे नाव प्रथम आढळते ते इ.स. २९७ च्या एका रोमन स्तुतिपर भाषणात. सीझरच्या नोंदीनंतर तोवर सुमारे साडेतीनशे वर्षे लोटली होती. प्लिनीने वनस्पतिरंगाने अंग माखण्याचा उल्लेख केला आहे, पण तो ब्रिटनमधील स्त्रियांच्या धार्मिक विधीसंदर्भात. युद्धाशी त्याचा संबंध नाही.

उत्तरेकडील लोकांविषयीची साधने वेगळेच सांगतात. तिसऱ्या शतकातील हेरोडियन अंगावर प्राण्यांच्या आकृती गोंदण्याचा उल्लेख करतो. इ.स. ४०० च्या सुमारास क्लॉडियन हा कवी पिक्टांच्या देहावरील लोखंडाने उमटवलेल्या आकृतींविषयी लिहितो. दोन्ही ठिकाणी वर्णन गोंदणाचे आहे, रंगलेपनाचे नाही. वनस्पतीचे नावही तेथे येत नाही. सुईचे टोचे आणि वनस्पतीचा रस यांची पिक्टांशी स्पष्ट सांगड सातव्या शतकातील सेव्हिलचा इसिडोर घालतो. परंतु त्याचा हेतू नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा आहे. 'पिक्टी' म्हणजे 'रंगविलेले', म्हणून ते अंग रंगवीत. आणि ते अंग रंगवीत, म्हणून त्यांना 'पिक्टी' म्हणत, असा हा अन्योन्याश्रय दोष होय.

भौतिक साधने :

लिंकनशायरमधील ड्रॅगनबी येथे लोहयुगाच्या उत्तरकाळातील वोडचे अवशेष सापडले आहेत. त्यावरून इंग्लंडमध्ये ही वनस्पती होती एवढेच सिद्ध होते. तिचा उपयोग वस्त्रे रंगविण्यासाठी होता की देह, हे नाही. तिच्या पानांपासून मिळणारे रंगद्रव्य आणि भारतीय निळीतील रंगद्रव्य एकच आहे. ते पाण्यात विरघळत नाही. कापड रंगविण्यासाठी त्यावर क्षारयुक्त द्रावणात प्रक्रिया करावी लागते. साहजिकच ताजा पाला अंगावर चोळून निळा झालेला योद्धा ही कल्पना रंगक्रियेशीही जुळत नाही. ॲबरलेम्नो येथील पिक्टांच्या शिल्पपटावर युद्धप्रसंग कोरलेला आहे. त्यातील योद्धे वस्त्रे ल्यालेले आहेत. अर्थात हे शिल्प ख्रिस्ती काळातील असल्याने पूर्वीच्या प्रथेचे खंडन त्यावरून करता येत नाही.

प्रतिमेचा प्रवास :

१५९० मध्ये थिओडोर द ब्री याने व्हर्जिनियाविषयीच्या थॉमस हॅरियटच्या ग्रंथासोबत नग्न, चित्रांकित पिक्टांची चित्रे छापली. ब्रिटनचे रहिवासीही एके काळी व्हर्जिनियाच्या रहिवाशांइतकेच रानटी होते, हे दाखविण्याचा त्यामागील हेतू तेथेच नोंदविलेला आहे. येथे पिक्ट हा अभ्यासविषय न राहता वसाहतवादी तुलनेचे साधन बनतो. पुढे १९९५ च्या 'ब्रेव्हहार्ट' या चित्रपटाने १३०५ मध्ये मृत्यू पावलेल्या विल्यम वॉलेसच्या चेहऱ्यावर तोच निळा रंग चढविला.

निष्कर्ष :

उत्तर ब्रिटनमधील गोंदणाची प्रथा संभाव्य मानता येते. दक्षिणेतील अंगरंगाला सीझरचा आधार आहे. परंतु वोडने रंगलेला पिक्ट योद्धा असा प्रत्यक्षदर्शी पुरावा उपलब्ध नाही. पिक्टांनी स्वतःविषयी लिहिलेले वर्णन उरलेले नाही. त्यांचे प्रचलित नावदेखील रोमनांच्या लेखनातून आलेले आहे. ज्या समाजाचे नाव आणि रूप दोन्ही परक्यांनी ठरविले, त्याचा अभ्यास करताना साधनांतील मौन कल्पनेने भरून न काढणे हीच इतिहासलेखनाची प्राथमिक शिस्त ठरते.