साक्ष आणि संबोधन

ब्राझीलमधील लष्करी राजवटीत (१९६४ ते १९८५) छळ सोसून जिवंत राहिलेल्या आठ स्त्रियांच्या साक्षी लूसिया मुरात यांनी ‘के बोम ते व्हेर व्हिव्हा’ या १९८९ च्या चित्रपटात एकत्र आणल्या. दिग्दर्शिका स्वतः त्याच अनुभवातून गेलेल्या होत्या. या साक्षींच्या मधून मधून इरेने राव्हाश या अभिनेत्रीने उभ्या केलेल्या एका अनामिक स्त्रीची भाषणे येतात. पुराव्यात कल्पित मिसळल्याने पुरावा दुबळा होतो, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचा विचार भाषेच्या अंगाने करणे उचित ठरेल.

साक्षीची भाषा प्रथमपुरुषी व भूतकालवाचक असते; श्रोता ऐकण्यास राजी आहे, हे तीत गृहीत असते. अनामिक स्त्री मात्र थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलते. कधी छळ करणाऱ्याशी, कधी प्रियकराशी, कधी प्रेक्षकाशी. म्हणून या भाषणांस स्वगत म्हणणे यथार्थ नव्हे. ज्याला ऐकावयाचे नाही, त्यालाच ती श्रोता करतात. १९७९ च्या क्षमादान कायद्याचे संरक्षण छळ करणाऱ्यांनाही मिळाले. न्यायासनापुढे जो आला नाही, त्याला येथे द्वितीयपुरुषी सर्वनाम समोर उभे करते. हे कार्य साक्षीच्या आवाक्यातले नाही. अर्थात कल्पित येथे पुराव्याची जागा घेत नसून त्याची उणीव भरून काढते.

शीर्षकाचा अर्थ ‘तुला जिवंत पाहून किती बरे वाटले’ असा आहे. मुळातील ‘व्हिव्हा’ हे विशेषण स्त्रीलिंगी असल्याने संबोधित व्यक्ती स्त्री आहे, हे त्याच्या अंत्य स्वरावरूनच कळते. मराठीतील ‘जिवंत’ अविकारी. तेथे ‘तू जिवंत राहिलीस’ असे म्हणून ते लिंग क्रियापदाकडून मिळवावे लागते. हा भेद निव्वळ व्याकरणाचा नव्हे. सुटकेनंतर स्त्री म्हणून जगणे, म्हणजे तिचा देह, प्रेम आणि मातृत्व, हाच चित्रपटाचा खरा विषय आहे, आणि तो त्या एका स्वरात सूचित झाला आहे.

तथापि एक दोष नमूद केला पाहिजे. साक्षींमध्ये शब्द जेथे अडखळतात, तेथे ते अडखळणेच अर्थवाहक असते. आठांपैकी एकीने तर आपली ओळखही देऊ दिलेली नाही. तिचे हे झाकलेपण पुरेसे बोलके आहे. अशा मौनानंतर येणारे आवेशपूर्ण भाषण काही वेळा त्याचे भाष्यच करू लागते. संबोधन सोडून स्पष्टीकरणाकडे वळताच कल्पिताचे बळ उणावते; मग आक्षेपकाचे म्हणणेही सर्वस्वी निराधार राहत नाही.