रुग्णाचे पेय आणि निरोग्याची जीभ

कर्करोगाच्या रुग्णांसाठी भाज्यांच्या रसांची पेये तयार करण्याचे प्रयोग आहारशास्त्रात नवे नाहीत. गाजर, बीट, टोमॅटो, दुधी यांचे रस काढावयाचे, त्यांत आले, लिंबू वा पुदिना घालून निरनिराळे नमुने करावयाचे आणि परीक्षकांकडून गुण मागवावयाचे, अशी त्यांची सर्वसाधारण रीत आहे. गुणांसाठी बहुधा नऊ पायऱ्यांची आवड-निवडीची पट्टी वापरतात. ‘अत्यंत नावडते’ म्हणजे १, ‘अत्यंत आवडते’ म्हणजे ९. अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधनातून ही पट्टी निर्माण झाली. पेरियाम व पिलग्रिम यांनी १९५७ मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले. धडधाकट सैनिकाला शिधा रुचेल की नाही, हे ठरविण्यास ती योग्यच होती. दोष पट्टीचा नसून, तिच्यावर खूण करणाऱ्या जिभेच्या निवडीचा आहे.

प्रयोगशाळेला सहज लाभणारे परीक्षक म्हणजे विभागातीलच विद्यार्थी व अध्यापक. परंतु पेय ज्याच्यासाठी आहे, त्याची रसना निराळी असते. चव ओळखणाऱ्या पेशी काही दिवसांच्या अंतराने सतत नव्या होत असतात. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर आघात करणारी औषधे या नूतनीकरणातही व्यत्यय आणतात. सिस्प्लॅटिनसारख्या औषधानंतर अनेक रुग्णांच्या तोंडाला धातूची चव येते. डोके व मान यांवरील किरणोपचारांनी लाळ आटते, तोंड हुळहुळे होते. मग निरोग्याला तरतरी देणारा लिंबाचा थेंब रुग्णाला झोंबतो.

रुग्णांनाच परीक्षक केले, तरी सरासरीचा मोह घातकच ठरतो. एकाने २ आणि दुसऱ्याने ८ गुण दिले, तर सरासरी ५ येते. म्हणजे पेय न आवडते, न नावडते. प्रत्यक्षात असे मत दोघांपैकी एकाचेही नाही. शिवाय उपचारांच्या एका आवर्तनातच त्याच रुग्णाची रुची पालटू शकते.

म्हणून निरोगी परीक्षक निरुपयोगी ठरतो काय? मुळीच नाही. कडू दुधीच्या रसातील कुकुरबिटासिन द्रव्यांनी विषबाधा होऊन प्राणहानी झालेली आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागल्यास तो दुधी वापरू नये, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला आहे. ज्याला सारेच कडू लागते वा काहीच चव कळत नाही, त्याच्यावर ही पारख सोपविणे धोक्याचे होय. येथे निरोग्याची जीभच पहारा देऊ शकते. मात्र पहारेकऱ्याने न्यायाधीशाचे आसन बळकावू नये.

अंतिम निर्णय रुग्णाचाच असला पाहिजे, आणि तोही घोटभर नमुन्यावर नव्हे. थकलेल्या माणसापुढे दहा वाट्या मांडण्यापेक्षा दोन-तीनच नमुने ठेवावेत, श्वेतपेशी घटलेल्यांसाठी ते निर्जंतुक करून घ्यावेत आणि पेल्यात किती उरले ते मोजावे. शेवटी पोषणाचाही हिशेब हवाच. कारण भाज्यांच्या नुसत्या रसात प्रथिने व उष्मांक अल्प असतात. आवडीने प्यायलेले पेयही रुग्णाला अर्धपोटी ठेवू शकते. रोग बरा करणे हे अशा पेयाचे कार्य नव्हे. अन्नावरची वासना उडालेल्या माणसाच्या पोटात काही पोषक जावे, एवढेच त्याचे प्रयोजन आहे. गुणपत्रकावर ८ गुण मिळवून खाटेशेजारी तसाच राहिलेला पेला हे प्रयोगाचे यश मानता येणार नाही.